शेळीचं गाणं आणि तीन कॉर्ड

माय, तुझ्या नातीला तू पाहिलं नाहीस; तू गेल्यावर ती जन्मली. ती यंदा नांदेडला बालवाडीच्या बाईचं शिक्षण घेऊन राहिली आहे, म्हणजे तुझंच काम. हे कसं झालं, ते तुला सांगावंसं वाटतं.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतरचं आपलं पत्र्याचं शेड मला अजून दिसतं. दुपारी पत्रा तापलेला, आणि तू गावातली उरलेली लेकरं गोळा करून शेळीचं गाणं म्हणतेयस. शेळी बाजाराला निघते, वाटेत भेटेल तो तिच्या पाठीवर काहीतरी लादतो आणि शेवटी ती सगळं ओझं ओढ्यात टाकून देते. तिथं आम्ही सगळे ओरडायचो. एकदा शेजारच्या शेडमधली म्हातारी काठी टेकत दारात आली. "बाई, गावात चिता विझल्या न्हाईत अन् तुम्ही गाणे म्हणून राहिलाव?" तुझा चेहरा उतरला. तू हळूच म्हणालीस, "मावशी, लेकरं झोपत न्हाईत. थांबा म्हणलाव तर थांबते. मग तुम्ही निजवा त्यांना." म्हातारी गेली नाही. दारातच बसली, आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "आमची म्हैस बी घ्या त्यात." तिची म्हैस भिंतीखाली गेली होती, हे मला फार पुढे कळलं.

पुढं ते गाणं म्हणतच मी माझ्या पोरीला लहानपणी झोपवलं. माझा सूर कसा आहे, तुला माहीतच आहे. बारावीनंतर तिला डॉक्टर करायचं म्हणून लातूरला क्लास लावला. पहिल्या वर्षी जमलं नाही, म्हणून पुन्हा ठेवली. आता तिथं गल्लीगल्लीत क्लास आणि पोरींची होस्टेलं आहेत. मागच्या वर्षी क्लासमधून निरोप आला, पोरगी आठवडाभर आली नाही. फोन लावला तर बंद. माय, पेपरात काय काय येतं ते वाचलेलं असतं. कंधारहून लातूरची गाडी धरली. अहमदपूरला लोक चहाला उतरले, मी उतरलोच नाही.

होस्टेलच्या मालकीणबाई म्हणाल्या, "रोज सकाळी बॅग घेऊन जाते की." तेवढ्यात तिची रूममेट हळूच म्हणाली, "काका, ती मागच्या गल्लीतल्या अंगणवाडीत असते."

मी धावतच गेलो. आतून शेळीचं गाणं ऐकू येत होतं. माझी पोरगी सतरंजीवर बसलेली, मांडीवर गिटारचं पिल्लू वाटावं असं चार तारांचं वाजंत्र, आणि भोवती चिल्लीपिल्ली. युकुलेले म्हणतात त्याला. रूम सोडून गेलेल्या एका मुलीनं मागं ठेवलेलं. ही मोबाईलवर बघून वाजवायला शिकली. एका पोरानं गाण्यातल्या शेळीच्या पाठीवर जेसीबी लादला होता. मी पायरीवरच बसलो.

मला बघून तिचा हात थांबला.

"पप्पा, रागावू नका."

"फोन का बंद?"

"तुम्ही मार्क विचारता म्हणून." मग खाली बघत म्हणाली, "मला पुन्हा परीक्षा द्यायची न्हाई. मला हे करायचंय."

ती जिवंत होती, गात होती. म्हणालो, "जेवलीस का?"

जेवून आल्यावर तिनं मला दाखवलं. एका तारेवर एकच बोट ठेवून चारी तारा एकदम छेडल्या की सी कॉर्ड. मग एफ, मग जी. "एवढ्यात आजीचं सगळं गाणं बसतं, पप्पा." माझं बोट जाड, तार दबत नव्हती, नुसतं खट्ट वाजायचं. पोरगी पोट धरून हसली. कितीतरी महिन्यांनी तिला तशी हसताना पाहिलं, आणि परतीच्या गाडीत मी कंधार येईपर्यंत गाढ झोपलो.

हे पत्र घरात कुणाला दाखवणार नाही. लातूरला निघताना तुझी सून म्हणाली होती, पोरीला चांगलं खडसावून या. तिला मी आजही सांगतो, लई रागावलो म्हणून.