उरनाच्या बाळाची ऊब

प्रिय उरना,

होहोतमध्ये आज नळातच पाणी गोठलं. प्रयोगशाळेतले माझे गवताळ रानातले उंदीर मात्र मजेत आहेत. तू म्हणायचीस ना, "ताई, एवढं शिकून शेवटी उंदरांचीच दाई झालीस." थंड खोलीत ठेवलेल्या उंदरांचे निकाल परवा हाती आले. सुरुवातीला बिचारे नुसते कुडकुडायचे. काही आठवड्यांनी कुडकुड थांबली, खाणं वाढलं. त्यांच्या खांद्यांमधली तपकिरी चरबी गडद झाली होती, तिच्या पेशींत मायटोकाँड्रिया दाटीवाटीनं वाढले होते. एरवी हे कण अन्नातून शरीराला कामाचं बळ काढून देतात. या चरबीतले मात्र सगळं जाळून नुसती ऊब करतात. मुठीत मावणारा जीव, पण त्यालाही थंडीची सवय व्हायला वेळ लागतो.

तुझ्या सासूबाईंना मी फोन केला होता. "पोटुशी असून बर्फात मेंढ्यांमागे हिंडली, गारठा पोटात शिरला, म्हणून पोर आधीच झालं," असं त्या शेजारणीला सांगत होत्या म्हणे. मी भांडले नाही. एवढंच विचारलं, "काकू, नासुन पोटात असताना तुम्ही काय करत होतात?" त्या म्हणाल्या, "जळणासाठी शेण गोळा करत होते. बर्फातच." आणि रडायला लागल्या. "तिला सांग, माझी जीभच वाईट." डॉक्टरांशीही बोलले. थंडीचा यात काही संबंध नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून तुमच्या शिलिनहोतला निघालेल्या आमच्या ड्रायव्हरबरोबर हे पत्र पाठवतेय. नासुननं काल सांगितलं, तू अजून बाळाला हातही लावला नाहीस. माझ्या अंगातच गारठा आहे, म्हणतेस. उरना, ती तपकिरी चरबी बाळांनाही असते, पण ती बरीचशी पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत भरते. आपलं बाळ घाईनं आलं, त्याच्याकडे ती कमी आहे, म्हणून ते काचेच्या पेटीत आहे. नर्स म्हणते, आता त्याला रोज आईच्या उघड्या छातीशी धरायला हरकत नाही, तिथे ते छान उबेत राहील. तुझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवलीय. तू जात नाहीस, म्हणून नासुन शर्टाची बटणं काढून त्या खुर्चीत बसतो. बाळ त्याच्या छातीवर तोंड फिरवत दूध शोधतं. आज तू जा.

तुझीच,
सोलोंगा