काळ्या ट्रंकेवरचं नाव

प्रिय तात्या,

ट्रंकेचा फोटो मिळाला. काळ्या रंगावर पांढरं 'कु. शिवांजली'. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचं अक्षर अजून परेडला उभं आहे. रविवारी इस्लामपूरला येऊन तुम्ही नातीला निवासी शाळेत नेणार, म्हणजे "पोरगी सरळ हुईल", हे जावयांना कळवलंत. मला नाही. मी काय, नुसती तिची आई. म्हणून लिहायला बसले. फोनवर तुम्ही सुभेदार होता आणि मी अकरा वर्षांची होते.

तुम्ही सुट्टीवर आलात की सकाळी शिट्टी व्हायची. अंगणात मी आणि धाकटा राजवर्धन ओळीत. त्याचे पाय एका जागी ठरायचे नाहीत, मार खायचा. मग तो शाळेच्या पत्र्यावरून उडी मारून हात मोडून आला, आणि गुरुजींच्या सांगण्यावरून तुम्ही त्याला मिरजेच्या डॉक्टरांकडं नेलंत. एडीएचडी, म्हणाले ते. पोर वांड नाही, त्याला एका वेळी एकच काम सांगा, पळू द्या. तुम्ही ऐकलंत, तात्या. त्याच्यावरचा हात थांबवलात, त्याला उभ्यानं अभ्यास करू दिलात. आज शिरवळच्या कंपनीत तो दिवसभर या मशीनवरून त्या मशीनवर पळतो आणि साहेब त्याला नावाजतात. त्याचं मला खरंच बरं वाटतं.

मी मात्र ओळीत खुंटीसारखी उभी असायचे. पाहुण्यांना तुम्ही सांगायचा, "उभं ऱ्हावं तर आमच्या अंकीवानी." वळचणीतल्या चिमणीच्या मागं मी कुठवर गेलेय, हे कुणी विचारलं नाही. ओळ मोडली तरी मी उभीच, आणि सगळे हसायचे. एकदा उसाला पाणी पाजताना मला दारं धरायला बसवलंत. सरी भरली की पुढची उघडायची, एवढंच काम. मी पाण्याकडं बघत बसले आणि पाणी बांधापलीकडं दादासोकाकांच्या आल्याच्या रानात गेलं. अर्धा वाफा कुजला. "डोळं उघडं ठिवून झोपती ही," म्हणालात. बारावीला दोनदा गचकले आणि तुम्ही लग्न उरकलंत. सासरी दूध उतू गेलं की सासूबाई तेच म्हणायच्या. मलाही ते खरं वाटायचं.

शिवांजली चौथीत गेली आणि वह्या अर्ध्याच येऊ लागल्या. मी तिच्यावर तुमच्याच आवाजात ओरडायचे, याची लाज वाटते. तिच्या वर्गाच्या मायाबाईंनी सुचवलं म्हणून सांगलीला दाखवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हेही एडीएचडीच, यात नुसती पळणारी मुलं नसतात. काही गप्प बसतात आणि लक्ष भलतीकडं जातं, काहींत दोन्ही असतं. गप्प बसणाऱ्या मुली तर पुष्कळदा लक्षातच येत नाहीत. आता ती पहिल्या बाकावर बसते. सकाळच्या कामांची चित्रं कपाटावर लावलीत, एक झालं की दुसरं. डबा अजून विसरते. पण परवा दप्तर स्वतः भरलं आणि मला हाताला धरून दाखवायला नेलं. तुमच्या त्या शाळेत ती ओळीत सगळ्यांत सरळ उभी राहील, तात्या. तुम्हाला चांगलेच रिपोर्ट येतील.

डॉक्टरीणबाईंनी घरात आणखी कुणाला होतं का विचारलं, म्हणून मी आईकडून राजवर्धनची जुनी फाईल मागवली. तुमच्या सवयीप्रमाणं प्रत्येक कागदावर शेरा, सही, तारीख. दुसऱ्या खेपेच्या कागदावर मिरजेच्या डॉक्टरांनी लिहिलंय, 'मोठ्या बहिणीलाही दाखवावे.' त्याखाली तुमचं अक्षर, असंच ताठ: 'मुलगी शांत आहे. गरज नाही.' बावीस वर्षं मी स्वतःला मंद समजत राहिले, आणि उत्तर तुमच्या कपाटात होतं. याचा मला राग आहे, तो लवकर जाणार नाही. रविवारी या, नातीला भेटा, जेवून जा. ट्रंक आणू नका. शिवांजली कुठंही जाणार नाही. आणि या पत्राखालीही शेरा लिहालच. जरा विचार करून लिहा, या खेपेला तो मी वाचणार आहे.

तुमचीच शांत मुलगी,
अंकिता