टेकलेला डबा

सोमवार
नोकरी लागली. कॉलेज अर्धवट सोडणाऱ्याला कोण विचारतं म्हणणाऱ्या बाबांचं तोंड आज पाहण्यासारखं होतं. शिंप्याच्या दुकानावरची एकच खोली, माझ्या खुर्चीचं एक चाक गेलेलं. पण काम झकास. गिऱ्हाइकांच्या वेबसाइट सांभाळायच्या. प्रत्येक साइट आपापल्या कंटेनरमध्ये बंद. इथे सगळे त्याला डबा म्हणतात. माउस नाही, काळ्या स्क्रीनवर हुकूम टाइप करायचे: उठव, थांबव, साफ. ‘साफ’ म्हटलं की थांबलेले सगळे डबे कायमचे जातात. म्हणून आधी खोलीत मोठ्याने विचारायचं, कोणाचं काही थांबलंय का. कुणी ‘माझं राहू दे’ म्हणालं की हात आवरायचा. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी हेही शिकवलं की काही डबे दुसऱ्यावर टेकलेले असतात. खालचा गेला की वरचा दोन-चार दिवस धापा टाकतो, मग बंद पडतो. माझा पारा बघून त्यांनी दुपारपर्यंत माझं नाव रॉकेल ठेवलं.

बुधवार
यादीत तिचा फोटो स्टुडिओ. मी कॉलेज सोडलं आणि तिने मला. साइट उघडली तर पहिल्याच पानावर तो, तिच्या खांद्यावर हात टाकून, दात काढून. पुढच्या महिन्यात लग्न आहे म्हणे. तीन वर्षं मी तिच्याशिवाय एक दिवस काढला नाही, आणि हा कोण उपटसुंभ? थांबव. एंटर. हस आता.

गुरुवार
साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, चूक त्यांचीच. डोकं फिरलं. कुणालाही न विचारता ‘साफ’ मारलं. ताई म्हणाल्या, अरे रॉकेल, विचारायचं असतं रे. मी म्हणालो, विचारून आजवर माझं काय भलं झालंय?

शुक्रवार
तिचा नंबर अस्तित्वात नाही. स्टुडिओच्या जागी नुसती भिंत, तीही जुनी, पोपडे आलेली. तिच्या भावाला गाठलं. एकदा माझी कॉलर धरणारा हाच. म्हणाला, कसली बहीण? मी एकुलता एक, आणि तू कोण? नाटकं करतो साला. ढकलून दिला. घरी येऊन कॉलेजचा जुना फोटो शोधून बघितला. सगळे आहेत. माझा हात हवेत, कुणाच्या तरी खांद्यावर असावा तसा –

शनिवार
उठव. असा डबा नाही. उठव. असा डबा नाही. हरामखोर यंत्र. ताई म्हणतात, असं गिऱ्हाईक आपल्याकडे कधी नव्हतंच. बोलताना माझ्याकडे नाही, खुर्चीकडे बघत होत्या. जिना उतरताना धाप लागली. उतरताना –

रविवार
आईने दार उघडलं नाही. आतून म्हणाली, आम्हाला मूलबाळ नाही, दुसरं घर बघा. दाराला लाथा घातल्या. पाय दुखेना. आवाजही –

सोमवार
यादीत नवा डबा. रॉकेल. थांबलेला.
उठव. ज्यावर टेकलाय तो डबा नाही. उठव. ज्यावर टेकलाय –
तिच्यावर. अख्खा जन्म तिच्यावर टेकून, आणि मीच तिला –
ताई खोलीला विचारतायत, कोणाचं काही थांबलंय का.
माझं. ताई, माझं. टेबलावर मूठ आपटली, पेला हलला नाही. साहेब म्हणाले, कोणी नाही, करा साफ. अहो थांबा म्हणतोय ना, बहिरे झालात का सगळे, ताई, माझं राहू