इरल्याचं तोंड

मंगळवार, ४ मार्च २०२५. सकाळी ११.२०.
दुकानात ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर बसवत होतो. भावी सरपंच मधोमध, कडेनं मित्रमंडळ. एकाचं डोकं जरी दुसऱ्यापेक्षा लहान झालं तरी भांडण लागतं, म्हणून मापपट्टी धरून. तेवढ्यात केदारदादाचा फोन. बाहेरच्या देशातली एक कंपनी आपला गेम घेतेय. जूनमध्ये बाजारात. फोनच्या नादात दोन मित्रांची नावं खाली-वर झाली. परत तपासली.

इरल्या गेममध्ये जाणार.

चौथीत असताना पहिला काढला होता, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर. ताई गोष्ट सांगायची, मी चौकोन आखून चित्रं काढायचो. आमच्या गावात, रिह्यात, भातलावणीला बाया, त्यात आईही, वाकून मागं मागं सरकत यायच्या. पाठीवर पावसाचं इरलं, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं. आम्ही दोघं बांधावर, भाकरीची टोपली राखायला. दिसायचं काय, तर नुसतं इरलं आणि खाली आपल्याकडं येणारे दोन पाय. तोंड नाही. तोच इरल्या. उलटा चालतो. जाईल तिथं रोप लावतो. संकट आलं की इरलं ओढून खाली बसतो, मग तो दगड.

केदारदादा (यापुढे के.) मामाच्या जांब्याच्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहतो. तिथं खोल्यांचे नंबर रंगवायला गेलो होतो तेव्हा त्यानं माझ्या मोबाइलमधला इरल्या पाहिला. पुढं त्यानं नोकरी सोडली आणि गेम लिहिला. चित्रं सगळी माझी.

आईला सांगितलं नाही. आधी होऊ दे.

रविवार, ९ मार्च.
जांबे. के.ची खोली. कंपनीची अट आहे म्हणे. इरल्याला तोंड पाहिजे.

“लोकांना डोळे लागतात रे नितीन. डोळ्यांकडे बघून विकत घेतात. स्टोअरवर अंगठ्याएवढं चित्र असतं, त्यात आपला हीरो काय दिसतो? झोपडी.”

मी म्हणालो, झोपडीला पाय नसतात.

हसला. “विचार कर. प्रेशर नाही.”

मामा टाकीचा वॉल्व्ह बंद करायला वर चालला होता, दारातून डोकावला. “काय रं, त्यो उलटा गडी पोचला का न्हाई अजून?” के.ला म्हणाला, “ह्याचं ऐकू नका साहेब. ह्यो बारावीतनं असाच उलटा आलाय.” के. जोरात हसला. मीही हसलो. हसायला नको होतं.

गाडीवर येताना ठरवलं, तोंड काढायचं नाही.

शनिवार, २२ मार्च.
दुकानाचा एक नियम आहे. गिऱ्हाइकाला छापायची फाईल द्यायची, ओपन फाईल द्यायची नाही. ओपन फाईलमध्ये सगळे थर सुटे असतात. कुणीही हात घालावा, डोकं बदलावं, दुसरीकडं छापून घ्यावं. शेठ म्हणतात, “पाव्हण्याला चहा द्यावा. किल्ली देऊ न्हाई.”

के.नं इरल्याची ओपन फाईल मागितली. बॅकअपसाठी.

दिली. देण्याआधी प्रत्येक थराला नीट नाव दिलं. इरलं. पाय डावा. पाय उजवा. चिखल. रोप.

के.ला गिऱ्हाईक कसं म्हणायचं.

रविवार, ६ एप्रिल.
के.चे मेसेज थांबत नाहीत, म्हणून शेवटी काढून पाहिलं. आईचं तोंड घातलं तर आई झाली, इरल्या गेला. पोराचं घातलं तर दंतमंजनाची जाहिरात. पुसलं.

ताईला भूगावला फोन केला. मागं कुकर, तिचा धाकटा रडतोय.

“तोंड? आपल्याला दिसलं होतं का कधी? दिसलं असतं तर तू काढलंच असतंस. बटणंसुद्धा मोजून काढायचास.”

“बाया जेवायला वर यायच्या तेव्हा दिसत असतील ना?”

“तेव्हा तू पळायचास. इरलं उतरलं की मजा गेली म्हणायचास. मीच वाढायचे सगळ्यांना.” मग म्हणाली, “गेमात माझं नाव टाकतायत ना?”

टाकतायत म्हणालो. के.नं तसं सांगितलंय.

के.ला लिहिलं: तोंड काढणार नाही. जमत नाही असं नाही, काढणार नाही. त्यानं अंगठा पाठवला. म्हणजे पटलं असावं.

सोमवार, १९ मे.
दुकानात जेवणाच्या सुट्टीत गेमची जाहिरात पाहिली. के.नं पाठवली नव्हती. दुकानातल्या पोरानं दाखवली, “नितीनदा, हे तुझं ना?”

इरल्याला तोंड आहे. मोठे डोळे, गालावर चिखलाचे दोन ठिपके, मुद्दाम लावल्यासारखे. दात. इरलं पाठीवरून काढून हातात दिलंय, ढालीसारखं. आणि सरळ चालतो. पळतो. उड्या मारतो. इरल्याची प्रत्येक कामटी मात्र माझी. मी काढलेली गाठसुद्धा तशीच, तिसऱ्या कामटीवरची.

शेठ मागं येऊन उभे. पूर्ण पाहिली.

“ओपन फाईल दिलती का?”

“दिली होती.”

“मग जेव गप.”

जेवलो. दुपारी दहावा-बाराव्याचा फ्लेक्स होता. ‘भावपूर्ण’ बरोबर लिहिलं, मृताचं आडनाव चुकलं. छापून झाल्यावर कळलं. इतक्या वर्षांत असं कधी…

बुधवार, २१ मे.
जांब्याला गेलो. काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलं होतं.

के. म्हणाला, “बाहेरच्या आर्टिस्टकडून करून घेतलं. तू नाही म्हणालास, मग मी काय करणार होतो?”

“चालणं का बदललं?”

“टेस्टिंगला दिलं तर लोकांना गरगरायला लागलं रे. पुढे काय येतंय ते दिसतच नाही, वैतागतात. पण तुझं ठेवलंय की. हे बघ, सेटिंगमध्ये.”

सेटिंगमध्ये सर्वांत खाली: ‘परंपरा मोड’. चालू केला की तोंड जातं आणि इरल्या उलटा चालतो.

नावांची यादी दाखवली. बरीच खाली, ‘मूळ प्रेरणा: नितीन व मनीषा, ग्रामीण कलाकार’. मनीषा म्हणजे ताई. शुद्धलेखन बरोबर होतं. रिह्याहून जांब्याला गाडीवर यायला लागतो तेवढ्या वेळात चहा गार होत नाही. ग्रामीण.

मी म्हणालो, इरल्या माझा आहे.

के.नं चष्मा काढला. “मी नोकरी सोडलीय नितीन. घरी बाबा बोलत नाहीत माझ्याशी. तो माझा नाहीये का?”

जिना उतरलो. खाली मामा म्हणाला, “भांडलास व्हय? भाडेकरू हाय माझा, जरा दमानं घे.”

रविवार, १५ जून.
गेम बाजारात आला. के.चा मेसेज, फटाक्यांची चित्रं.

दुपारी आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. जुना लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला. आज पहिल्यांदाच दाखवलं.

“ह्यो कोन म्हनायचा?”

“इरल्या.”

“दात लई पांढरं हायेत.” थोडं पाहिलं. “आन् इरलं हातात कशापायी? पाठ भिजंल की येड्याची.”

मग परंपरा मोड लावला. इरल्या मागं मागं सरकायला लागला. आईचा हात सुपात थांबला.

“परत चालीव.”

परत चालवलं.

“ही चिमाकाकू हाय.”

“कोण?”

“वरच्या आळीतली. डावा पाय बघ की. टाकती, मग वढती. लई चपळ. बांधाला समद्यात आधी तीच पोचायची.”

मी म्हणालो, ही तू आहेस. मी तुला काढलंय.

“मी?” आई हसली. “मी तर पार पल्याडच्या कडंला असायची. तुला मी दिसलीबी नसंन.” आणि परत तांदळात हात घातला. “रोपांची वळ पर वाकडी लागलीय. चिमाकाकूची अशी नसायची.”

डावा पाय. चौथीपासून तसाच काढतोय. आपली चूक आहे समजून किती वेळा सरळ करायला गेलो, सरळ केला की तो इरल्या वाटायचा नाही.

शनिवार, २८ जून.
के.चा फोन. आवाजावरून वाटलं कुणी वारलं.

तसं नाही. बाहेरच्या कुणा जाणकारानं गेमवर लिहिलंय. सरळ चालणारा इरल्या चारचौघांसारखा, पण सेटिंगमध्ये तळाला एक रत्न लपलंय. भूतकाळाकडं तोंड करून भविष्यात जाणारा, चेहरा नसलेला नायक. आता सगळे तेच खेळतायत. कंपनी म्हणते, यापुढं जाहिरात त्याचीच.

“तू बरोबर होतास यार,” के. म्हणाला.

हे वाक्य त्यानं म्हणावं म्हणून मार्चपासून झुरत होतो. तो म्हणाला आणि लगेच पुढच्या विषयावर गेला. पुढचा विषय असा की व्हिडिओ करायचाय. खरी लावणी, खरं इरलं, खरी बाई. “चेहरा अजिबात नको. पाठमोरीच. तुला तर माहितीय.”

मी म्हणालो, भूतकाळ वगैरे काही नाही. भात तसंच लावतात. पुढं गेलं तर लावलेलं रोप पायाखाली येतं.

“भारी! हे व्हिडिओत बोल.”

इरलं आता कुणी वापरत नाही, सगळ्यांकडं प्लॅस्टिकचे कागद. आईला विचारलं. म्हणाली, चिमाकाकूकडं आहे, अजून टांगून ठेवलंय.

गुरुवार, ३ जुलै.
चिमाकाकूकडं गेलो. रोज ज्या आळीतून गाडी काढतो त्याच आळीत, शेवटचं घर. कधी आत गेलो नव्हतो.

“कुनाचा रं तू?”

“सरूबाईचा.”

“त्यो टोपलीवाला? भाकरी राखायला बसायचा आन् आमी आलो की पळायचा त्यो?” बोळकं उघडून हसली. तोंड पहिल्यांदाच नीट पाहिलं. हनुवटीवर गोंदण आहे. एक भुवई मधेच तुटलेली. मी कितीही बसलो असतो तरी हे तोंड मला सुचलं नसतं.

मोबाइलवर इरल्या दाखवला. डोळ्यांजवळ धरून पाहिला.

“ह्यो पाय बैलगाडीखाली गेल्ता. तवाधरनं.” मग, “ह्ये बघाया लोकं पैकं देत्यात?”

“देतात.”

“माझ्या लंगडीला?” परत हसली, खोकला येईपर्यंत.

इरलं आढ्याला होतं, धुरानं काळं. दोन कामट्या तुटलेल्या, पानं गेलेली. रविवारी चालशील का विचारलं. चार पावलं चालंन म्हणाली. मग मी सांगितलं की कॅमेरा मागून असेल. पाठमोरी घेणार.

“का? तोंड काय वंगाळ हाय का माझं?”

मी सांगायला लागलो. तोंड नसलं की ते कुणाचंही असू शकतं, लोकांना तसं आवडलंय… के.चीच वाक्यं. माझ्या तोंडात कधी येऊन बसली कळलं नाही.

काकूनं ऐकून घेतलं. “शेताचा मालक बांधावरनं पाठ बघायचा. तुमी पोरं पाठ बघायचा. जल्मात फोटू निघाला त्यो आधारचा, त्यातबी डोळं मिटल्यालं. कॅमेरा आनतोस तर तोंड घे म्हनावं. न्हाईतर इरलं घिऊन जा आन् घाल कुनाच्याबी पाठीवर.”

इरलं घेऊन आलो. दुरुस्तीसाठी, असं म्हणालो.

शनिवार, ५ जुलै.
कामट्या बसवल्या, पानं लावली. माझ्या चित्रात गाठ तिसऱ्या कामटीवर येते, काकूच्या इरल्याची मुळातच तिथं आहे.

के.ला फोन केला. म्हणालो, बाई तोंड दाखवायचं म्हणते. “अरे नको ना. सगळी कॅम्पेन पाठमोरी आहे. आणि हे तूच सांगत होतास की मार्चपासून!” बरोबर आहे. मीच सांगत होतो. भूगावला जाऊन ताईला विचारलं तर ती म्हणाली, “मी वाढायचे रे तिला. तिला भाकरीवर कोरड्यास कमी लागायचं. तुला तोंड नको होतं, म्हणून आपला इरल्या तसा.”

आई संध्याकाळी काकूकडं जाऊन आली. काकूनं लुगडं धुऊन वाळत घातलंय आणि आईकडून कुंकवाची डबी मागून घेतलीय. के. उद्या सकाळी आठला येतोय. इरलं माझ्या खोलीत आहे. के. तोंड नको म्हणाला, हे काकूला अजून सांगितलेलं नाही. ती तयारीत आहे, हे के.लाही नाही.

हिशोब:
कामट्या व पानं, आणणावळीसह — १८०
पेट्रोल, जांबे व भूगाव — ३९०
काकूकडं साखर-चहा — १३०
एकूण खर्च — ७००
के.कडून येणे, चित्रांचे, दोन महिन्यांचे — १४,०००
शेठचे देणे, चुकलेल्या आडनावाचा फ्लेक्स — १,२००
ताईचे देणे — अर्धा इरल्या. के.चे पैसे आले की बघू.
चिमाकाकूचे देणे — तिनं रक्कम विचारलीच नाही.