टाकीच्या तळाचं पाणी

आबा,

आज दुकानात एक माणूस कॉम्प्रेसर घ्यायला आला होता. तो गेल्यापासून माझं कामात लक्ष नाही, म्हणून ही वही उघडली. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. कसबा बावड्याच्या रस्त्यावरचं आपलं पंक्चरचं दुकान अजून आहे, आता मी कॉम्प्रेसर दुरुस्तही करते आणि विकतेही. गिऱ्हाईक आधी इंजिनाची ताकद विचारतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "इंजिन काय बघतोस लेका, टाकीचा तळ बघ की!" आपला तो जुना, दोन चाकांचा, पेट्रोलवरचा कॉम्प्रेसर घेताना तुम्ही उद्यमनगरात भर उन्हात जमिनीवर उताणे झोपला होतात. पान्यानं तळ इंच इंच ठोकून आवाज ऐकत होतात आणि मी लाजून दुसरीकडे बघत उभी होते. शेवटी मलाही खाली बसवून ठोकायला लावलंत. टाकी खणखणीत होती, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

तुमचा नियम एकच होता. हवेत पाणी असतं, हवा दाबली की ते टाकीच्या तळाशी साचतं आणि पत्रा आतून खातं, म्हणून रोज दुकान बंद करताना तळाची चावी उघडून ते सोडायचं. तुमची कंबर धरली आणि वाकायचं काम माझ्याकडे आलं. तुम्ही पलीकडच्या चहाच्या गाड्यावरून, चार ट्रॅक्टरवाल्यांच्या देखत ओरडायचात, "पोरी, टाकीला मुतवलंस का?" सगळे फिदीफिदी हसायचे. बावीस वर्षांची होते मी, आबा! बी.कॉम. झालेली, घरात स्थळांची बोलणी चाललेली. एकदा मी भांडलेसुद्धा, "दुसरा शब्द न्हाय काय तुमच्याकडं?" तर तुम्ही म्हणालात, "सगळ्या धंद्यात ह्योच शब्द हाय. टाकीला कसली आलीया लाज?" टाकीला नव्हती हो, मला होती. चावी उघडली की फुस्स करून तांबूस पाणी पायावर उडायचं आणि पलीकडून कोणीतरी हमखास शीळ घालायचं. मग मी चावीला हात लावायचंच सोडलं. खाली वाकायचं, जरा थांबायचं, उठायचं. तुम्ही विचारलं की नुसतं "व्हय" म्हणायचं. दोन पावसाळे मी तुम्हाला असं व्हय म्हणत राहिले.

दुसऱ्या पावसाळ्यानंतरची खंडेनवमी. त्या दिवशी अवजारांची पूजा असते, म्हणून आदल्या दिवशी मी कॉम्प्रेसरला लाल ऑइलपेंट लावते आहे. दरवर्षी लावते तसाच. तळाला, सांध्याजवळ, रंगाला फोड आलेला दिसतो. ब्रश लागताच त्याची खपली पडते आणि खाली ओला ठिपका उमटतो. मला कळलं, आबा. कळलं नाही असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. पण ठिपका दाखवायचा तर दोन वर्षांचं खोटंही सांगावं लागलं असतं. मी वरून रंगाचे दोन हात मारले. दुसऱ्या दिवशी तुम्ही टाकीला कुंकवाची बोटं ओढलीत, नारळ फोडलात आणि गाड्यावरच्या सगळ्यांना सांगितलंत, "बघा, माझ्या पोरीनं नव्यागत केली."

दिवाळी झाली, कारखाना सुरू झाला, उसाच्या ट्रॉल्या वाहायला लागल्या. एका दुपारी वळणावर ट्रॉलीचा टायर बसला आणि तुम्ही कॉम्प्रेसर ढकलत गेलात. थोड्या वेळानं मोठा आवाज आला. चहावाला म्हणाला, "फुटला वाटतं टायर." मलाही तसंच वाटलं. आपल्याकडे तो आवाज काय नवा? मी हातातली ट्यूब घासत राहिले. मग एक ट्रॅक्टरवाला पळत आला. तो माझ्याकडे न बघता चहावाल्याशीच बोलायला लागला, तेव्हा मी ट्यूब टाकून वळणाकडे धावले. तिथं मी काय बघितलं ते लिहीत नाही. नंतर पोलिसांनी फाटलेला पत्रा दाखवला. बाहेरून माझा लाल रंग चकचकीत होता, तुम्ही ओढलेली कुंकवाची बोटंही तशीच होती. आतून मात्र हात लावला की पापुद्रे गळत होते.

आईनं सगळा दोष तुम्हाला दिला. जुना माल घरात आणलात म्हणून. तुमच्या वर्षश्राद्धाला पानं वाढतानाही ती हेच बोलली, आणि अजून बोलते. दुसऱ्याच्या टाक्या मी रोज रिकाम्या करते, गिऱ्हाइकाला तुमचाच शब्द वापरून बजावते, आता कोणी हसलं तर त्याच्याकडे रोखून बघते. त्याचा तुम्हाला काय उपयोग?

आज त्या माणसानं कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्रेसरवर हात ठेवला. तळ मीच तपासला होता, चांगला होता. आई दारात लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "पावणं, जुना घिऊ नगा. आमच्या मालकांनी हट्टानं जुना आणला आन् जीव घालवून बसले." तो माझ्याकडे वळला. "खरं काय वो, ताई?"

आईनंही मान वर केली. अठरा वर्षांत पहिल्यांदाच मला कोणी असं सरळ विचारत होतं. एका वाक्याचं काम होतं, आबा.

मी म्हणाले, "व्हय."