धक्क्यावरचा दोर

३ नोव्हेंबर १९९५, फरीदाबाद
फौजेत पुलाच्या होड्या वल्हवल्या; तिथून सुटलो आणि चार महिन्यांत पुन्हा होडी मिळाली! नव्या कॉलनीच्या बिल्डरनं कालव्यावर धक्का बांधलाय. फ्लॅटवाल्यांना रविवारी नौकाविहार. राहायला दोन खोल्या, दारात तुळशीपुरती जागा. प्रभावतीला लगेच पत्र टाकलं, सामान बांधून निघ.

काम इथल्या आधीच्या रखवालदारानं, शशिकांत पवारांनी दिलं. गणपतीत दिल्लीच्या मंडळात ओळख झाली. साताऱ्याचे म्हटल्यावर मी निम्मा विरघळलोच. आज आल्या आल्या त्यांनी काथ्याचा जुना दोर हातात दिला. म्हणाले, मल्हारीराव, फौजी गाठ बघू दे जरा, आता धक्का तुमचा. मी खुंट्याला गाठ मारली तशी टाळ्या वाजवून हसले आणि बॅग उचलून निघाले. चहालाही थांबले नाहीत.

६ नोव्हेंबर
चहावाला फाटकाच्या आत येत नाही, ग्लास भिंतीवर ठेवतो. आज विचारलं, फौजीसाब, वो रस्सी आपने बाँधी? हो म्हटल्यावर पैसेच घेतले नाहीत.

होडी डांबर लावायला वर काढलीय. तरी दोर पाण्यात ताणलेलाच. गाळात अडकला असेल.

९ नोव्हेंबर
भर दुपारी दोर ओढून पाहिला. खालून कुणीतरी उलट ओढला.

कापून टाकला.

१० नोव्हेंबर
दोर जागेवर. गाठ माझीच.

१२ नोव्हेंबर
येऊ नको अशी प्रभावतीला तार करायला निघालो. फाटकाशी मनगटाला हिसका बसला, पाऊल बाहेर पडेना. हातात काहीच नव्हतं — फक्त काथ्याचे वळ. ओले.

१४ नोव्हेंबर
शशिकांत आले. फाटकाबाहेरच उभे. म्हणाले, इथलं कुणी हात लावत नाही, म्हणून आपला माणूस शोधला. दुसऱ्यानं आपणहून दोर धरला की पहिला सुटतो. मी शिव्या घातल्या. ते म्हणाले, मलाही आपल्याच माणसानं दिला होता यार.

१६ नोव्हेंबर
आता दोर मनगटातच आहे. रोज थोडं खाली ओढतो. आज पाणी गुडघ्याला —

१७ नोव्हेंबर
फाटकात रिक्षा. प्रभावती. ट्रंक टाकून धावत येतेय. आयुष्यभर विहिरीवर पाणी शेंदलेली — म्हणतेय, अहो, सोडा तो, मी ओढते —

ओरडायला हवं. ओरडलो तर ती थांबेल. थांबली तर मी —

पायऱ्या उतरली. हात पुढे केलाय.

मी अजून ओरडलो ना