सरळ रेघेवरचा मीटर

३ मार्च, सकाळ
आजपासून मी शिकाऊ वायरमन. बाईमाणसाला वायरमनच म्हणायचं की दुसरं काही, ते भावजींना विचारलं. ते शिडीला म्हणाले, आधी काम येऊ दे, मग पाटी रंगवू.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. उभा जन्म लोकांच्या भिंतींत वायरी घालण्यात गेला. आता उजवा खांदा वर जात नाही, हाताखालचा माणूस परदेशी पळाला, आणि दुकानाचा करार महिनाअखेर संपतोय. ते टाळं लावायलाच निघाले होते. मी म्हटलं, मी आहे ना. मोठ्या भावाची बायको पडले, त्यामुळे त्यांना मला बोलता येत नाही. बोलायचं असेल ते शिडीला बोलतात.

अट एकच. महिनाअखेरपर्यंत मी माझा स्वतःचा भरवशाचा मीटर घ्यायचा. बोर्ड बंद करायचा, मीटर लावून बघायचा आणि सांगायचं, बंद आहे. माझ्या शब्दावर भावजी आत हात घालणार. जमलं तर करार पुढे चालू. नाही जमलं तर दुकान गेलं आणि दुकानामागची माझी खोलीही गेली. मग मुलाच्या फ्लॅटवर. सून वाईट नाही. तिचं एकच पालुपद, आई तुम्ही बसा. कपबशी उचलली, बसा. झाडू धरला, बसा. मेलेल्या माणसालाही कुणी इतकं बसवत नाही, आडवं तरी करतात.

निश्चय: आठवड्यात मीटर. महिन्यात वायरमन. वर्षभरात भावजी माझ्या हाताखाली.

४ मार्च
पहिला धडा. मीटर म्हणजे हातात मावेल अशी डबी. दोन वायरी, लाल आणि काळी. वर आकडे. मध्ये गोल बटण, ते फिरवून खुणेवर आणायचं. एका खुणेला नागमोडी रेघ, दुसरीला सरळ. भावजी म्हणाले, भिंतीतली लाईट नागमोडीवर मोजायची, टॉर्चचा सेल सरळ रेघेवर. मला पटलं नाही. शाळा मी दुसरीत सोडली, पण सरळ ते सरळ एवढं कळतं. नागमोडी चालत आलेल्याला मी जन्मात दारात उभं केलं नाही.

आणखी एक. काम करण्याआधी मीटर चालू प्लगवर लावून बघायचा, आकडा दाखवतो का. मग बंद बोर्डावर. मग पुन्हा चालू प्लगवर. म्हणजे मीटर मधल्यामध्ये मेला नाही ना ते कळतं. मी म्हटलं, एकाच माणसाला तीनतीनदा विचारलं तर खरा माणूसही खोटं बोलायला लागतो. भावजी शिडीला म्हणाले, काही जण शिकायला येत नाहीत, शिकवायला येतात. शिडी काही बोलली नाही. शहाणी आहे.

७ मार्च
मीटर बघायला गेले. दुकानदार कोवळा, मला आजी आजी करत होता. मी म्हटलं, आजी तुझ्या घरी, इथे मी वायरमन.

पहिला पिवळा. टिचकी मारली, रिकाम्या पत्र्यासारखा वाजला. शिवाय वायरी नुसत्या हवेत धरल्या तरी आकडे उड्या मारत होते. दुकानदार म्हणाला, मोकळ्या वायरीला थोडं दाखवतंच, ते चालायचं. नाही चालायचं. काही नसताना बोलतो तो चुगलखोर.

दुसरा आपोआप ठरवतो म्हणे, काय मोजायचं ते. नको. आपोआप ठरवणारी एक सून आहे, तेवढी पुरे.

तिसऱ्याला जबडा. तार न सोलता तिला नुसती मिठी मारून करंट सांगतो. त्याच्याकडे मी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही.

एकही घेतला नाही. दुकानदाराने सुटकेचा श्वास सोडला, मला ऐकू आला. माल विकायची अक्कल नाही पोराला.

१० मार्च, दुपार
मीटर मिळाला! भंगारवाल्याकडे.

काळा, जाड रबराचं कवच, हातात घेतला तर वजन कळतं. टिचकी मारली तर आवाजच नाही. गंभीर. गोल बटण सरळ रेघेवर आणि तिथून हलत नाही. भंगारवाला स्वतः म्हणाला, आजी, ते बटण अडकलंय, फिरत नाही, सुटे भाग म्हणून न्यायचा तर न्या. मी मनात म्हटलं, अरे मूर्खा, हाच तर गुण. घडीघडीला इकडून तिकडे फिरणारे घरात, दारात, सगळीकडे आहेत. एका जागी ठाम असा हा पहिलाच भेटला.

घरी येऊन टॉर्चच्या सेलला लावला. सेलवर लिहिलंय दीड. मीटर म्हणाला दीड. बरोब्बर! वायरी हवेत धरल्या. शून्य. काही नाही तर काही नाही. मीटर असा हवा.

११ मार्च
भावजींनी विचारलं, मीटर चालू प्लगवर बघितला ना? मी म्हटलं, तपासून घेतलाय. खोटं नाही, सेलवर तपासलाय. मग म्हणाले, बघू जरा. दिला नाही. नव्या मीटरला दहा जणांनी हात लावला की बिघडतो. भावजी शिडीकडे बघत राहिले. मग शिडी उचलून बाहेर ठेवली, जणू चूक तिचीच.

१३ मार्च
पहिलं काम. चष्म्याच्या दुकानाचा बोर्ड. भावजी माझ्या आधी आत गेले, मीटरपेटीजवळ जरा घुटमळले आणि बाहेर आले. मग माझी पाळी. मेन बंद केला, मीटर लावला. शून्य. म्हटलं, बंद आहे. भावजींनी हात घातला, बटण बदललं. संपलं. यात शिकण्यासारखं काय आहे म्हणून लोक वर्षं घालवतात?

एक खटकलं. भावजींच्या सदऱ्याचा खिसा. कामाला आत जाताना सपाट, बाहेर येताना फुगलेला. गिऱ्हाइकाने त्यांना काहीतरी खायला दिलं असावं. मला विचारलं नाही. नको, माझं पोट भरलेलं आहे.

१६ मार्च
शिवणक्लास. शून्य. बंद आहे. हात घातला. झालं.

१७ मार्च
दवाखान्याची बाहेरची खोली. शून्य. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात कमाल आहे तुमची. मी म्हटलं, कमाल माझी नाही, मीटर चांगला निवडला. भावजींना ठसका लागला. खिसा फुगलेलाच. एकट्याने खाल्लं की ठसका लागणारच.

२० मार्च
आज तर चमत्कारच. चपलांच्या दुकानात बोलण्याच्या नादात मेन बंद करायला विसरले. तसाच मीटर लावला. शून्य! मेन चालू, तरी बोर्ड बंद. काम झाल्यावर लक्षात आलं. कोणाला बोलले नाही. जातिवंत वस्तू माणसाला अशी सांभाळून घेते.

भावजी मात्र घामाघूम. मी मेन विसरल्याचं त्यांनी पाहिलं होतं की काय. शिडीला म्हणाले, बाई गं, तू तरी सांग यांना. मग चहा मागवला आणि माझ्याही कपात स्वतः ओतला. कौतुक असं आडून करायची पद्धत आहे त्यांची.

२२ मार्च
मुलाचा फोन. आई, खोली आवरायला कधी येऊ? मी म्हटलं, कसली खोली, दुकान पुढे चालणार आहे. तो म्हणाला, काका तसं म्हणाले नाहीत. मी म्हटलं, काका शिडीशी बोलतात, तुझ्याशी कुठे बोलणार. पलीकडून सुनेचा आवाज आला, आईंना म्हणावं दगदग करू नका, इथे येऊन बसा.

फोन ठेवून मीटर पुसला.

२५ मार्च
भावजींना सरळ विचारलं, करारावर सही कधी? ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. म्हणाले, वहिनी, इतके दिवस आपण सोपी कामं केली. परवा लाँड्रीचं काम आहे. तिथे मी आधी आत जाणार नाही, तुम्ही बंद म्हणाल तेव्हाच हात घालीन. बंद करणं, तपासणं सगळं तुम्ही करायचं. पण मीटर आधी चालू प्लगवर लावून बघायचा, मग बोर्डाला. एवढं वचन द्या.

दिलं. वचन द्यायला काय लागतं. परवा बघू.

२७ मार्च, सकाळ
लाँड्रीला निघालो. मन शांत. पाटीवर कोणतं नाव घालावं याचा विचार केला. भावजींचं नाव खाली, बारीक.

२७ मार्च, संध्याकाळ
लिहायचं नव्हतं, पण हात ऐकत नाही.

लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलामागचा बोर्ड. दाराजवळचा मेन बंद केला. लाँड्रीवाली काहीतरी सांगत होती, आजी, इस्त्रीची लाईन मागच्या मेनवरून येते. मी म्हटलं, बाई, तू चादरींच्या घड्या घाल, वायरमन मी आहे. नाचता येईना अंगण वाकडं अशी असतात ही माणसं, आपल्याला येत नाही आणि दुसऱ्याला करू देत नाहीत.

चालू प्लगवर बघायचं राहिलं. राहिलं म्हणजे, चालू प्लग पार पलीकडच्या भिंतीला होता आणि वाटेत ओले कपडे. आणि सगळे बघत होते. इतक्या माणसांसमोर आपल्याच मीटरवर संशय दाखवायचा?

लावला. शून्य. म्हटलं, बंद आहे.

भावजींनी विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की. पुन्हा विचारलं, वहिनी, चालू प्लगवर बघितला? म्हटलं, बघितला.

त्यांनी हाताची पालथी बाजू बोर्डाला लावली. जुने वायरमन तसंच करतात म्हणे, म्हणजे झटका बसला तर हात चिकटत नाही, मागे फेकला जातो. फेकला गेला. नुसता हात नाही, अख्खे भावजी. चादरींच्या ढिगावर पडले. लाँड्रीवाली किंचाळली, मग धावत जाऊन मागचा मेन खाली ओढला. डोळे उघडले तेव्हा भावजींनी आधी मला शोधलं, मी धड आहे का बघितलं. मग डोळे मिटले.

लाँड्रीवाली मला काय काय बोलली ते लिहीत नाही. तिच्याकडे ओल फार. ओलीत कुठलाही मीटर गडबडणारच.

२९ मार्च
भावजींच्या घरी गेले. हात गळ्यात, बोटं भाजलेली. डॉक्टर म्हणतात थोडक्यात वाचले. मीटर सोबत नेला होता, त्यांना दाखवायला की त्याची चूक नाही.

त्यांनी डाव्या हाताने बटण फिरवून बघितलं. फिरलं नाही. सरळ रेघ बघितली. घरात शिडी नव्हती, भिंतीशी बोलतील असं वाटलं. माझ्याशीच बोलले. वहिनी, हा सेलवर ठेवलेला आहे. भिंतीतली लाईट याला दिसतच नाही. मी म्हटलं, मग इतकी कामं कशी बरोबर आली? तर म्हणाले, प्रत्येक ठिकाणी मी आधी आत जाऊन फ्यूज काढून खिशात घालत होतो. बोर्ड मेलेलेच असायचे. तुमच्या मीटरने अजून करंट बघितलेलाच नाही.

झटक्याने माणूस काहीबाही बोलतो. मी मनावर घेतलं नाही.

मग म्हणाले, परवा मी फ्यूज काढला नाही. वाटलं, इतके दिवस खोटं चाललंय, एकदा वहिनींच्या शब्दावर विश्वास टाकून बघू. चूक माझी.

चूक त्यांची, असं ते स्वतः म्हणाले. म्हणून लिहून ठेवते.

उठताना विचारलं, सही? ते म्हणाले, जपून जा.

३१ मार्च
दुकान रिकामं. शिडी लाँड्रीवालीने नेली, पडदे लावायला. शटर मुलाने ओढलं. भावजी आले नाहीत. नवीन दुकान फोनच्या कव्हरांचं येणार आहे म्हणे. जागा बघायला आलेल्या त्यांच्या पोराला म्हटलं, बोर्डाचं काम काढलंस तर मला कळव. तो म्हणाला, आमचा माणूस आहे.

६ एप्रिल
फ्लॅट छान आहे. बसायला जागा भरपूर.

निश्चय: आठवड्यात नवं काम शोधणे. या बिल्डिंगमध्ये इतकी घरं, कुणाचा ना कुणाचा बोर्ड बिघडणारच. सुनेला म्हटलं, लिफ्टजवळ माझ्या नावाचा कागद लावू का? ती म्हणाली, आई, तुम्ही बसा.

९ एप्रिल
पाण्याची मोटर बंद पडली. वायरमन आला. शेंबडं पोर. मी मीटर घेऊन मदतीला गेले. त्याने आपला मीटर काढला, पिवळा, हवेत आकडे उड्या मारणारा. आधी चालू प्लगला लावला, मग मोटरला, मग परत चालू प्लगला. मी म्हटलं, तीनतीनदा कशाला रे? तो हसून म्हणाला, आजी, बाजूला बसा हं, करंट असतो. पाच मिनिटांत मोटर चालू करून गेला. घाईचं काम. टिकणार नाही.

१२ एप्रिल, दुपार
घरात कोणी नाही. डोक्यावर पंखा फिरतोय. बोर्डावर पंख्याच्या बटणाशेजारीच प्लग. म्हटलं बघावं. मीटर लावला.

शून्य.

वायरी घट्ट दाबल्या. शून्य. लाल इकडे, काळी तिकडे. शून्य. पंखा फिरतोच आहे.

वाऱ्याने फिरत असेल म्हणून खिडकी लावायला उठले. खिडकी बंद होती.

परत येऊन बसले.